ठोसा टाकला, की लागला? रिंगमधली इंग्रजी कशी ऐकावी

प्रश्न : मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात काम करतो. बॉक्सिंग आणि एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला खेळ) बातम्या बहुतेक वेळा इंग्रजी समालोचन ऐकूनच कराव्या लागतात. जॅब, क्रॉस, हुक, ओव्हरहँड, चेक हुक, टीप, त्यात पुन्हा ‘क्लीन’, ‘फ्लश’, ‘ग्लान्सिंग’, ‘स्टिफ’... माझ्या बातमीत या सगळ्याचा शेवटी ‘जोरदार ठोसा’ होतो. हे शब्द कोणत्या क्रमाने शिकावेत? आणि त्यातले मराठीत कोणते आणावेत?

उत्तर : मुलांना बॉक्सिंग शिकवणं आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणून रिंगच्या कडेला बसणं, ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो. शब्दांची यादी पाठ करू नका. समालोचक एका ठोशाबद्दल चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतो : तो कोणत्या हाताने निघाला, कोणत्या वाटेने गेला, कुठे लागला आणि कसा लागला. प्रत्येक इंग्रजी शब्द या चारांपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर असतो. नवखा माणूस पहिल्या दोन प्रश्नांत अडकतो, कारण ठोशांची नावं तिथे असतात आणि ती ऐकायला झकास वाटतात. लढतीचा निकाल मात्र चौथ्या प्रश्नावर लागतो. म्हणून मी तुम्हाला उलट्या क्रमाने शिकायला सांगेन. आधी क्रियापद पकडा, नाव नंतर.

‘थ्रो’ आणि ‘लँड’ यांतला फरक सगळ्यात आधी कानात बसवा. ठोसा टाकला म्हणजे लागला असं नाही. २ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ लढले. कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या सेवेच्या हिशेबात मेवेदरने ४३५ ठोसे टाकले, पॅकियाओने ४२९. हात जवळजवळ सारखेच चालले. पण मेवेदरचे १४८ लागले आणि पॅकियाओचे ८१. नुसता पडदा बघणाऱ्याला पॅकियाओ सतत चालून जाताना दिसत होता, त्यामुळे निकाल ऐकून अनेक जण चिडले. ‘पॅकियाओने ठोशांचा वर्षाव केला’ असं त्या रात्री कुणी लिहिलं असेल, तर ते ‘थ्रो’चं वर्णन झालं. गुण ‘लँड’ला मिळाले.

कॉम्प्युबॉक्सची मोजणी १९८५ पासून चालत आली आहे आणि ती अजूनही माणसंच करतात. दोन जण बसतात, एकेकाने एकेका बॉक्सरवर नजर ठेवायची. जॅब लागला, जॅब चुकला, पॉवर पंच लागला, पॉवर पंच चुकला, अशी चारच बटणं. इथे ‘पॉवर पंच’ या शब्दाने फसू नका. जॅब सोडून टाकलेला प्रत्येक ठोसा या मोजणीत पॉवर पंच असतो, मग तो कितीही हलका का असेना. त्याचं ‘ताकदवान ठोसा’ केलंत, की आकडा बरोबर राहतो आणि बातमी चुकते. यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीच्या ‘सिग्निफिकंट स्ट्राइक्स’चीही तीच गत. दोघं अंतर राखून उभे असताना लागलेला प्रत्येक फटका त्यात धरतात. मिठी मारून झगडताना किंवा जमिनीवर असताना मात्र फक्त जोरकस फटके धरतात. तेव्हा ‘महत्त्वाचे फटके’ असं लिहून मोकळं होण्याआधी, निदान एकदा तरी, वाचकाला हे सांगा.

आता ‘लागला’ यातही पायऱ्या आहेत, आणि पंच म्हणून मला जे पाहावं लागतं ते नेमकं हेच. ‘क्लीन’ म्हणजे मध्ये ग्लोव्ह, कोपर, खांदा काही न येता लागलेला. ‘फ्लश’ म्हणजे त्याहून पुढचा : ग्लोव्हचा बुक्कीकडचा सपाट भाग पूर्ण टेकून, चेहऱ्यावर नीट बसलेला. ‘ग्लान्सिंग’ किंवा ‘ग्रेझिंग’ म्हणजे घासून गेलेला, निसटता. ‘पार्शली ब्लॉक्ड’ म्हणजे अर्धा ग्लोव्हवर, अर्धा गालावर. ‘पॅरीड’ म्हणजे हाताने बाजूला सारलेला. ‘स्लिप्ड’ म्हणजे डोकं जरासं हलवून चुकवलेला, तो लागलेलाच नसतो. मग येतो ‘रोल्ड विथ इट’. इथे ठोसा लागतो, पण खाणारा त्याच दिशेने अंग वळवतो, त्यामुळे जोर निम्मा होतो. प्रेक्षकांतून ‘ओऽऽ’ असा आवाज येतो आणि पंच शांत बसलेला असतो, तो या प्रकारामुळे.

हौशी बॉक्सिंगमध्ये गुण मिळण्यासाठी ठोसा मिटलेल्या ग्लोव्हच्या बुक्कीच्या भागाने, डोक्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर अथवा कमरपट्ट्याच्या वर अंगावर, आणि मागे वजन असलेला लागावा लागतो. उघड्या ग्लोव्हने मारलं तर ती ‘स्लॅप’, म्हणजे चापट. तिला गुण नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स ज्युनियरने पार्क सी-हुनला अक्षरशः धुतलं होतं. एका अमेरिकी वाहिनीच्या मोजणीत लागलेले ठोसे ८६ विरुद्ध ३२ होते. तरी निकाल ३-२ असा पार्कच्या बाजूने गेला. त्या संतापातून १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून बटणं आली : पाच पंच, आणि त्यांतल्या किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत ती पद्धत टिकली. आता फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धत आहे आणि त्यात पहिला निकष दर्जेदार ठोशांच्या संख्येचाच आहे. दर्जा म्हणजे काय, तर वरच्या परिच्छेदातली उतरंड.

चौथ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग : लागल्यावर काय झालं? इथे इंग्रजी फार बारकाईने बोलते. ‘स्टंग’ म्हणजे झोंबला, चेहऱ्यावर दिसलं, पण पाय शाबूत. ‘बझ्ड’ म्हणजे क्षणभर डोकं बधिर झालं. अनेकदा ते फक्त कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाला कळतं, कारण त्याचा बॉक्सर अचानक मिठी मारायला लागतो. ‘रॉक्ड’ म्हणजे हादरला, ‘वॉबल्ड’ म्हणजे पाय लटपटले, ‘स्टॅगर्ड’ म्हणजे भेलकांडला. ‘ड्रॉप्ड’ किंवा ‘फ्लोअर्ड’ म्हणजे पडला. ‘फ्लॅश नॉकडाउन’ म्हणजे पडला पण लगेच उठला, फारसं लागलं नव्हतं, तोल गेला होता. ‘आउट कोल्ड’ म्हणजे शुद्ध हरपली. या प्रत्येकाला मराठीत घरचा शब्द आहे : झोंबणं, बधिरणं, हादरणं, लटपटणं, भेलकांडणं, कोसळणं. असे शब्द हाताशी असताना ‘जोरदार’ या एकाच विशेषणावर भागवायची गरज नाही. एका फेरीत तीन वेगळी क्रियापदं आली, तर वाचकाला फेरीचा चढउतार आपोआप दिसतो.

कुठे लागला, हा तिसरा प्रश्न. ‘ऑन द बटन’ म्हणजे हनुवटीच्या टोकावर. ‘टेंपल’ म्हणजे कानशील. ‘अपस्टेअर्स’ म्हणजे डोक्याकडे, ‘डाउनस्टेअर्स’ म्हणजे अंगाकडे. समालोचक ‘ही इज गोइंग डाउनस्टेअर्स’ म्हणाला, की तो बरगड्यांवर उतरला आहे असं समजा. अंगावरच्या ठोशांबद्दल मी जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडच्या बातम्यांत त्यांची नोंदच होत नाही.

यकृत उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेशी असतं. समोरच्याचा उजवा कोपर जॅब अडवायला किंवा ठोसा मारायला चार बोटं वर गेला, की तिथे वाट मोकळी होते. डावा पाय पुढे ठेवून लढणाऱ्याचा डावा हुक खालून थेट त्या वाटेने जातो. हाच ‘लिव्हर शॉट’. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे परिणाम उशिरा येतो. ठोसा बसतो, खाणारा एखादं पाऊल मागे जातो, आणि मग अंग अचानक दुमडतं. १८ सप्टेंबर २००४ रोजी नवव्या फेरीत बर्नार्ड हॉपकिन्सचा डावा हुक ऑस्कर डी ला होयाला तिथे बसला, ती फीत बघा. डी ला होया पूर्ण शुद्धीत आहे, पंचाचे आकडे त्याला ऐकू येत आहेत, तो ग्लोव्ह जमिनीवर आपटतो आहे, पण अंग उठायला तयार नाही. अशा वेळी ‘बेशुद्ध पडला’ असं लिहिणं साफ चूक. ‘सोलर प्लेक्सस’वरचा ठोसा वेगळा. तो दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या मध्ये, पोटाच्या वरच्या टोकाला लागतो आणि श्वास अडकतो. १८९७ मध्ये कार्सन सिटीला बॉब फिट्झसिमन्सने जिम कॉर्बेटला त्याच ठोशाने हरवून जगज्जेतेपद मिळवलं. यकृतावर लागलं तर ताकद जाते, तिथे लागलं तर दम जातो.

चुकीच्या जागांचीही नावं पक्की असू द्या, कारण पंच गुण कापतो तेव्हा बातमी तिथेच असते. कमरपट्ट्याखाली लागला तर ‘लो ब्लो’. कमरेखाली हात घालायला १७४३ च्या जॅक ब्रॉटनच्या नियमांतच मनाई होती, एवढी ही बंदी जुनी. १९९६ मध्ये आंद्रे गोलोटा रिडिक बोवेविरुद्ध जुलैत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये, दोन्ही वेळा याच कारणाने बाद ठरला. मानेच्या मागे किंवा डोक्याच्या मागच्या भागावर लागला तर ‘रॅबिट पंच’. पाठीवर मूत्रपिंडाच्या जागी लागला तर ‘किडनी पंच’. एमएमएमध्ये बराच काळ ‘ट्वेल्व्ह-टू-सिक्स एल्बो’ला बंदी होती. घड्याळात बारावरून सहाकडे यावा तसा सरळ वरून खाली आणलेला कोपर, म्हणून ते नाव. जॉन जोन्सच्या नावावरचा एकमेव पराभव याच कारणाने आहे : २००९ मध्ये मॅट हॅमिलविरुद्ध तो स्पष्ट पुढे असताना बाद ठरला. नोव्हेंबर २०२४ पासून ती बंदी उठली. तेव्हा जुन्या लढतीबद्दल लिहिताना नियमही त्या काळचाच धरा.

आता हात आणि वाट. इथे एक सवय मोडावी लागेल : डावा-उजवा असा विचार आधी करू नका. इंग्रजीत ‘लीड’ आणि ‘रिअर’ म्हणतात, म्हणजे पुढचा हात आणि मागचा हात. डावा पाय आणि डावा हात पुढे असेल तर ‘ऑर्थोडॉक्स’, उजवा पुढे असेल तर ‘साउथपॉ’. पुढच्या हाताने सरळ टाकलेला तो जॅब. मागच्या हाताने सरळ टाकलेला तो क्रॉस किंवा स्ट्रेट. म्हणजे पॅकियाओचा जॅब उजवा असतो आणि क्रॉस डावा. ‘क्रॉस’ हा शब्द मुळात समोरच्याच्या जॅबवरून आडवा जाणाऱ्या ठोशासाठी होता. आज मागच्या हाताचा कोणताही सरळ ठोसा त्यात येतो. कोपर वाकवून बाजूने येणारा हुक, खालून हनुवटीकडे उचललेला अपरकट, समोरच्याने बचावासाठी वर धरलेल्या हातांवरून कमानीसारखा येणारा ओव्हरहँड, इतकं पहिल्या महिन्याला पुरे. प्रशिक्षक कोपऱ्यातून ‘वन-टू’ ओरडतो तो जॅब-क्रॉस, आणि ‘थ्री’ म्हणजे बहुधा पुढच्या हाताचा हुक. पण प्रत्येक व्यायामशाळेचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे पुढच्या आकड्यांवरून बातमी लिहू नका.

जॅबला विशेषणं सर्वांत जास्त का लागतात? कारण तो एकटाच चार कामं करतो. ‘स्टिफ जॅब’ लागला की डोकं मागे झटकतं, हात शेवटपर्यंत ताठ असतो. ‘पॉइंग जॅब’ म्हणजे नुसता हात पुढे लोंबता ठेवणं, त्यात मारायचा इरादाच नाही. ‘रेंज फाइंडर’ अंतर मोजतो. ‘फ्लिकर’ कमरेजवळून चाबकासारखा येतो, टॉमी हर्न्सचा प्रसिद्ध होता. तुम्ही ‘जॅब मारत राहिला’ एवढंच लिहिलंत, तर त्याने समोरच्याला रोखलं, की तो नुसता वेळ काढत होता, हे वाचकाला कळतच नाही.

वाटेची विशेषणंही कामाची आहेत. ‘शॉर्ट’ आणि ‘टाइट’ कौतुकाची, ‘वाइड’ आणि ‘लूपिंग’ बहुधा टीकेची, कारण लांबून येणारा ठोसा आधीच दिसतो. असा आधीच दिसला तर समालोचक ‘टेलिग्राफ्ड’ म्हणतो. ‘हेमेकर’ म्हणजे सगळं अंग झोकून, लागला तर लागला अशा हिशेबाने टाकलेला. ‘बोलो पंच’चं नाव फिलिपीन्समधल्या कोयत्यावरून आलं आहे. हात गोल फिरवून खालून आणायचा. नोव्हेंबर १९८० मध्ये शुगर रे लिओनार्डने रॉबर्टो डुरानसमोर उजवा हात असा गरगर फिरवला, डुरानची नजर तिकडे गेली, आणि तोंडावर बसला तो डावा जॅब. इंग्रजीत याला ‘फेंट’ म्हणतात. आपल्याकडे हूल देणं. याहून नेमका शब्द शोधत बसू नका.

‘चेक’ या शब्दाची दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांत मिसळू देऊ नका. ‘चेक हुक’ म्हणजे समोरचा धावून येत असताना पुढच्या हाताने हुक मारत स्वतः पायावर वळून बाजूला होणं. ८ डिसेंबर २००७ रोजी दहाव्या फेरीत मेवेदरने रिकी हॅटनला असाच मारला आणि हॅटन आपल्याच वेगाने कोपऱ्यातल्या खांबावर आदळला. ‘चेक्ड द किक’ म्हणजे मात्र गुडघा वर उचलून नडगीने लाथ अडवणं. २८ डिसेंबर २०१३ रोजी अँडरसन सिल्वाची डावी लाथ क्रिस वाइडमनने अशी अडवली आणि सिल्वाच्याच पायाचं हाड मोडलं. ‘वाइडमनने पाय तोडला’ असं म्हणता येत नाही. अडवलेल्या लाथेने मारणाऱ्याचा पाय मोडला.

लाथांची नावं थोडक्यात. ‘टीप’ हा थाई शब्द, समोरून पायाने ढकलणं. ‘राउंडहाउस’ बाजूने फिरून येते. ती मांडीवर बसली तर ‘लो किक’, गुडघ्याखाली पोटरीच्या बाहेरच्या अंगाला बसली तर ‘काफ किक’, डोक्यावर बसली तर ‘हेड किक’. काफ किककडे दुर्लक्ष करू नका. त्या जागी मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो, चार-पाच बसल्या की पाऊल नीट टेकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पोरिएने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत ठोशांनी संपवलं, पण त्याआधी मॅकग्रेगरचा पुढचा पाय या लाथांनीच निकामी केला होता. फिरून मारायच्या लाथांचे प्रकार पुष्कळ आहेत, ते गरजेपुरते शिका.

आता मराठीत काय आणावं? ठोशांची नावं आहेत तशीच ठेवा. जॅब, क्रॉस, हुक, अपरकट हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आहेत. व्यायामशाळेत कुणी त्यांची संस्कृत नावं वापरत नाही. जागा आणि क्रियापदं मात्र मराठीच असू द्या. एक उदाहरण करून दाखवतो. ८ डिसेंबर २०१२, मार्केझ विरुद्ध पॅकियाओ, सहावी फेरी, घंटेला एक सेकंद बाकी. नेहमीची बातमी अशी येते : ‘मार्केझने जोरदार ठोसा लगावत पॅकियाओला नॉकआउट केले.’ यात चुकीचं काही नाही, पण लढतही नाही. आता हे बघा : ‘जॅब टाकत आत शिरलेल्या पॅकियाओच्या चेहऱ्यावर मार्केझचा आखूड उजवा बसला आणि पॅकियाओ तोंडावर कोसळला, तो उठलाच नाही.’ समालोचक अशा वेळी ‘वॉक्ड ऑन्टू इट’ म्हणतो. दोघांचं वजन एकाच बिंदूवर आलं, म्हणून एवढा आखूड ठोसा पुरला. ‘आत शिरलेल्या’ या दोन शब्दांत ते सगळं आलं.

शेवटी निकालाची अक्षरं, कारण सगळ्यात जास्त चुका मथळ्यात होतात. ‘केओ’ (नॉकआउट) म्हणजे दहा मोजेपर्यंत उठला नाही, किंवा मोजायची गरजच राहिली नाही. ‘टीकेओ’ (टेक्निकल नॉकआउट) म्हणजे पंचाने, डॉक्टरने किंवा कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने लढत थांबवली, लढणारा उभा असू शकतो. व्यावसायिक लढतीत हे दोन चालतात. हौशी स्पर्धेत, म्हणजे राज्य, राष्ट्रीय, आशियाई, ऑलिंपिक, पंचाने थांबवली तर ‘आरएससी’ (रेफरी स्टॉप्स कॉन्टेस्ट) लिहितात. तिथे ‘टीकेओने विजय’ असं छापू नका. दुखापतीमुळे थांबवली असेल तर ते कारणही लिहा, कारण भुवई फाटून हरलेला मुलगा आणि मार खाऊन हरलेला मुलगा यांत फार मोठा फरक आहे, आणि दुसऱ्या दिवशी पेपर त्याच्या घरचेही वाचतात.